मुठीतलं मम

या, असे पुढं सरका. भिंतीला टेकून बसलात ना, तुम्हीसुद्धा या. मागं बसणाऱ्याच्या कानावर निम्मी गोष्ट पडते आणि उरलेली निम्मी तो आपल्या मनानं जोडतो. आज सांगणार आहे त्या गोष्टीत एका भल्या माणसानं नेमकं तेच केलं आणि जिवाला मुकला. गोष्ट एका शब्दाची आहे. शब्द दोन अक्षरांचा, ओठ मिटूनच सुरू होणारा. देवानं जीभ दिली ती त्याचं नाव घ्यायला आणि खरं बोलायला. तिला तिसऱ्या कामाला जुंपलं की काय होतं, ते ऐका.

१

गुरुवारी संध्याकाळी सहाला, पाळी बदलायच्या वेळी, गावाचं पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात थेंबमास्तर सापडले. गाळ खाली बसवायची मोठी गोल टाकी आहे ना, तिच्या काठाशी पालथे तरंगत होते.

थेंबमास्तर म्हणजे तिथले केमिस्ट. प्रत्येक थेंब उजेडात धरून बघायचे, म्हणून हे नाव. एकतीस वर्षं गावानं जे पाणी प्यायलं, ते आधी त्यांच्या डोळ्यांखालून गेलं. रोज सकाळी तपासणीच्या कागदावर त्यांची सही झाली की खालचा माणूस मोठा व्हॉल्व्ह फिरवायचा. केंद्रात त्यावर एक जुनी थट्टा होती. मंत्र दुसऱ्यानं म्हणायचे आणि आपण नुसतं ‘मम’ म्हणून पाणी सोडायचं, तशी ही सही. सकाळ झाली की कुणीतरी हाक मारणारच, “मास्तर, मम म्हणा, पाणी सोडू द्या!”

त्यांना बाहेर काढलं तेव्हा उजवी मूठ आवळलेली होती. इन्स्पेक्टरनं एकेक बोट सोडवलं. आत कार्डाचा वरचा अर्धा तुकडा होता, खालचा फाटून गेलेला. पेन्सिलीची अक्षरं पाण्यातही शाबूत होती:

मम इज द वर्ड.

आणि प्रयोगशाळेतल्या नोंदवहीतलं मंगळवारच्या पाण्याचं पान गायब होतं.

इन्स्पेक्टरला शाळेत संस्कृत होतं. त्यानं मान डोलावली. “मम म्हणजे माझं. वर्ड म्हणजे शब्द. पानावर जे लिहिलं ते माझं, दोष माझा. कबुलीजबाबच हा.”

खालच्या वस्तीतली चौदा मुलं त्याच दिवशी तापानं आणि उलट्यांनी रुग्णालयात पडली होती. दोन अधिक दोन करायला गावाला वेळ लागला नाही. केमिस्टनं घाण पाणी सोडलं, पान फाडलं आणि मन खायला लागलं तसं टाकीत उडी घेतली.

शुक्रवारी त्यांना निरोप द्यायला नऊ माणसं आली. त्यातली चार घरचीच होती.

२

मास्तरांची थोरली बहीण शाळेत छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवून घरी बसलेली. गाव तिला बाई म्हणायचं, मास्तर ताई म्हणायचे. ताईच्या डोळ्याला पाणी नव्हतं. ती भावाच्या टेबलापुढं बसली होती आणि समोर बुटाचं खोकं होतं.

“आत्या,” भाची दारातूनच म्हणाली, “बाबांनी खरंच…?”

“इकडं ये. हे वाच.”

खोक्यात कार्डं होती, चारशेच्या वर. मास्तरांचं शिक्षण सगळं मराठीतलं. पन्नाशी उलटल्यावर त्यांना इंग्रजीचा छंद लागला. कुणाच्या तोंडून न समजणारा वाक्प्रचार ऐकला, की कानाला ऐकू आला तस्सा देवनागरीत कार्डावर उतरवायचा आणि रविवारी सकाळी नऊला ताईकडं घेऊन जायचं. रीत ताईनंच लावून दिली होती. सगळ्यात वर वाक्प्रचार, त्याखाली कुणाकडून ऐकला, मग अर्थ, मग वाक्यात उपयोग. अर्थ आणि उपयोग ताई सांगेपर्यंत कोरे. आणि लिहायचं ते पेन्सिलीनं. “पाण्यात काम करतोस,” ती म्हणाली होती, “शाई फुटते.”

भाचीनं एक कार्ड वाचलं. “‘लेट द कॅट आउट ऑफ द बॅग. कुणाकडून: साहेब. अर्थ: गुपित फोडणे. उपयोग: मांजर पिशवीत मावत नाही, म्हणून साहेबांना जमले नाही.’” ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

“रड, पण ऐकत रड. आपला कबुलीजबाब कुणी कार्डावर मथळ्यासारखा लिहितं का? हा त्याचा शब्दच नव्हे. हा त्यानं कुणाकडून तरी ऐकला आणि त्याला समजला नाही.”

“मग मम म्हणजे?”

“इंग्रजीत मम राहणं म्हणजे तोंड मिटून राहणं. त्याला कुणीतरी सांगत होतं, गुपित ठेव, कुठं बोलू नकोस. ‘कुणाकडून’ ही ओळ खालच्या तुकड्यावर असणार. तो तुकडा ज्याच्याकडं, त्याचंच नाव त्या तुकड्यावर.”

भाची डोळे पुसून जायला निघाली. ताई तशीच बसून राहिली. एक गोष्ट तिनं भाचीला सांगितली नव्हती, इन्स्पेक्टरलाही नाही. गुरुवारी दुपारी चारला भावाचा फोन आला होता.

आणि तिनं तो ठेवून दिला होता.

३

शनिवारी सकाळी ताई आधी रुग्णालयात गेली. डॉक्टर दोन दिवस झोपलेला नव्हता.

“बाई, पाण्यात नेमकं काय होतं ते कळलं तर नेमकं औषध देता येईल. सध्या अंदाजानं चाललंय. मंगळवारचं पाणी केव्हाच वाहून गेलं. जे काही आहे ते त्या पानावर. आणि कोपऱ्यातली ती मुलगी बघा… माझ्या हातात फार वेळ नाही.”

पाच वर्षांची पोर होती, ओठ सुकून पांढरे पडलेले. ताईनं तिच्या कपाळावर हात ठेवला, देवाचं नाव घेतलं आणि तडक केंद्र गाठलं.

भांडाराच्या दारात चावीवहिनी बसल्या होत्या. कमरेला चाव्यांचा झुबका, जिभेला कुलूप नाही.

“या बाई. सगळे म्हणतात त्यांनी जीव दिला. मी म्हणते, ज्या माणसानं माझ्याकडून उसनी नेलेली सुतळी परत आणून दिली, तो न सांगता जाईल होय?”

“गुरुवारी काही ऐकलंत?”

वहिनींनी मागं वळून पाहिलं. पंपांची घरघर चालूच होती. त्यांनी आवाज खाली आणला. “साडेचार झाले असतील. टाकीकडून त्यांचा आवाज आला. एकतीस वर्षांत मास्तर ओरडलेले मी ऐकले नव्हते. म्हणत होते, ‘मी मम म्हणणार नाही! मेलो तरी म्हणणार नाही!’”

“कुणाला?”

“समोरचा हळू बोलत होता. पंपाच्या आवाजात दुसरं कोण ऐकू येणार? पण मास्तर पुढं म्हणाले…” वहिनी अडखळल्या. “जाऊ द्या, तुम्हाला लागेल.”

“बोला.”

“म्हणाले, ‘रविवारी ताईला अर्थ विचारतो. ती सांगेल तुम्ही काय मागताय ते.’”

ताईनं दाराची चौकट धरली.

“हे इन्स्पेक्टरला का नाही सांगितलंत?”

“त्यांनी मला विचारलं ते चाव्यांचं,” वहिनी म्हणाल्या. “आणि खरं सांगू? भीती वाटली. त्या वेळी टाकीकडं जाऊ शकणारी माणसं दोनच. साहेब नाहीतर घड्याळराव. दोघंही रोज समोर असतात.”

४

केंद्राच्या प्रमुखांची, म्हणजे साहेबांची केबिन थंड होती. परदेशात शिकून आलेला माणूस, मराठी बोलताना मधेच इंग्रजीची फोडणी द्यायचा.

“बाई, आय’म सो सॉरी. प्लीज, बसा. डोन्ट वरी, घरच्यांना त्रास होणार नाही. उद्या अहवाल गेला की इट्स ओव्हर.”

“अहवालात माझा भाऊ गुन्हेगार असेल.”

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. “चिठ्ठी तर त्यांच्याच हातात होती.”

“तिच्यावर काय होतं ठाऊक आहे?”

“मम असं काहीतरी, इन्स्पेक्टर म्हणाला. मला तो शब्द ऐकून कसंतरीच झालं.” त्यांनी खण उघडला आणि एक कागद काढून पुढं सरकवला. इंग्रजीतून टाइप केलेल्या चार ओळी, खाली केंद्रातल्या सगळ्यांच्या सह्या. “पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते. त्यांना एक दुर्बीण द्यायचं ठरलं होतं. जन्मभर थेंब बघितले, आता तारे बघा म्हणावं. महिन्याभरापूर्वी मी हा कागद फिरवला, त्यांना सोडून सगळ्यांकडं. शेवटची ओळ बघा.”

ताईनं चष्मा सारखा केला. शेवटच्या ओळीत तेच होतं.

“मम्स द वर्ड!” साहेब खिन्न हसले. “म्हणजे त्यांना कळू देऊ नका. त्या महिन्यात सगळे एकमेकांना तेच म्हणत होते. चावीवहिनीसुद्धा बोट ओठांवर ठेवून ‘मम, मम’ करायच्या.”

“गुरुवारी साडेचारला तुम्ही कुठं होतात?”

साहेबांचं हसू मावळलं. “इथंच. एकटा. साक्षीदार कुणी नाही, बाई.”

५

पाळीप्रमुखांना सगळे घड्याळराव म्हणायचे. एकवीस वर्षांत एक मिनिट उशीर नाही, नोंदवहीत एक लाल शेरा नाही. गाव त्यांच्या येण्याजाण्यावर घड्याळं लावायचं. पाण्यात क्लोरीन सोडणारा पंप त्यांच्या ताब्यात.

“यावं, बाई. प्लीज, टेक अ सीट.” प्रत्येक शब्द सुटा, इस्त्री केल्यासारखा. “डू नॉट वरी. आय अॅम विथ यू. तुमचे बंधू देवमाणूस होते. पण माणूस चुकतो.”

“इंग्रजी छान आहे तुमचं.”

“स्वतः शिकलो. पुस्तकं आणि शब्दकोश. क्लास नाही, मास्तर नाही.” छाती थोडी पुढं आली. “साहेब बोलतात ते भराभर, निम्मे शब्द गिळून. इट इज नॉट करेक्ट.”

“क्लोरीनचा पंप मंगळवारी चालू होता?”

“नोंद आहे. बघा.” वही पुढं आली. मंगळवार, बुधवार, दर तासाला बरोबरची खूण. सगळ्या खुणा एकाच उंचीच्या, एकाच शाईच्या, जणू एका बैठकीत केलेल्या.

ताईची नजर भिंतीवर गेली. तिथलं गोल घड्याळ जरा कलतं होतं. तिनं मनगटावरचं पाहिलं.

“तुमचं घड्याळ सात मिनिटं मागं आहे.”

घड्याळराव गर्रकन वळले. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते घड्याळ चुकलेल्या माणसाचं नव्हतं. “सेल संपत आला असेल,” ते म्हणाले. पण उठले नाहीत, हातही लावला नाही. ज्याच्यावरून गाव घड्याळं लावायचं, तो बसून राहिला.

घरी आल्यावर ताईनं इन्स्पेक्टरच्या परवानगीनं उतरवून आणलेला तो मजकूर समोर ठेवला आणि मोठ्यानं वाचला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा ती मधेच थांबली.

छत्तीस वर्षं मुलांना ती एकच सांगत आली होती, लिहिण्याआधी ऐका. आणि भाऊ तर नुसतं ऐकूनच लिहायचा.

तिनं इन्स्पेक्टरला फोन लावला. “उद्या सकाळी नऊला प्रयोगशाळेत सगळ्यांना बोलवा. अहवाल तोवर पाठवू नका.”

“नऊलाच का?”

“माझ्या भावाची वेळ आहे ती.”

६

रविवार. प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या ओळीनं उभ्या होत्या, धुतलेल्या, वाट बघणाऱ्या. इन्स्पेक्टर, साहेब, चावीवहिनी, घड्याळराव आणि दाराशी भाची. ताईनं एका कार्डावर इंग्रजी अक्षरांत साहेबांच्या कागदातली शेवटची ओळ लिहिली होती.

“एकेकानं मोठ्यानं वाचायचं. शाळेतल्यासारखं.”

“मला नाही येत ती मुंग्यांची रांग,” चावीवहिनी म्हणाल्या.

साहेबांनी वाचलं, “मम्स द वर्ड.”

घड्याळरावांनी कार्ड हातात घेतलं, घसा साफ केला. “मम इज द वर्ड.”

“शाब्बास,” ताई म्हणाली. “दहापैकी दहा. साहेब बोलतात ते दोन शब्द जोडून, ‘मम्स’. तुम्ही भाषा डोळ्यांनी शिकलात, म्हणून प्रत्येक शब्द सोडवून म्हणता. डोन्टचं डू नॉट, इट्सचं इट इज. माझा भाऊ जे कानावर पडेल तेच लिहायचा, काना इकडचा तिकडं नाही. साहेबांकडून ऐकलं असतं तर मुठीत ‘मम्स’ निघालं असतं. निघालं ते ‘मम इज’.”

घड्याळरावांनी कार्ड टेबलावर ठेवलं.

“पूर्ण वाचणं हा गुन्हा आहे?” घड्याळराव म्हणाले. आवाज शांत होता. “पुस्तकातून शिकलेली माणसं गावात शंभर असतील.”

“असतील. आता गुन्हा सांगते, तो माझा.” ताईनं टेबलाचा काठ धरला. “गुरुवारी चारला त्यानं मला फोन केला. म्हणाला, ‘ताई, एक नवा शब्द आहे, मम. जरा घाईचं आहे.’ माझा चहा उतू जात होता. मी म्हटलं, ‘अर्थ घाईनं कळत नसतो. कार्डावर लिही, रविवारी ये.’ एका वाक्याचं काम होतं. मी सांगितलं नाही. तीन दिवस हे कुणाला बोलले नाही. मीही मम राहिले.”

भाचीनं तोंडावर हात घेतला.

“मग त्यानं स्वतःच अर्थ लावला. आणि या इमारतीत मम म्हणजे काय, वहिनी?”

“सही,” चावीवहिनी पुटपुटल्या. “मम म्हणा, पाणी सोडा.”

“हो. त्याला वाटलं तुम्ही त्याच्याकडून खोटी सही मागताय, घड्याळराव. घाण पाण्याला शुद्ध म्हणून लिहून दे म्हणताय. म्हणून तो ओरडला, मेलो तरी मम म्हणणार नाही. तुमच्या शब्दावर नाही तो भडकला, त्या सहीवर—”

“सही?” घड्याळराव ताडकन उठले. “सही कुणी मागितली? मी सही मागितलीच नव्हती! मी फक्त गप्प राहा म्हणालो होतो! शनिवारपर्यंत! पंपाचा सुटा भाग येणार होता, मी—”

आणि ते थांबले. घड्याळ थांबावं तसे.

इन्स्पेक्टर उठून दाराशी उभा राहिला.

“त्याला कळलंच नव्हतं?” घड्याळराव हळूच म्हणाले. “मी काय सांगतोय ते?”

“नाही.”

ते खुर्चीत बसले, की कोसळले. “पंप दोन दिवस बंद होता, गुरुवारी सकाळी कसाबसा चालू झाला. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. मी खुणा करत गेलो आणि त्यांवर विसंबून तो सही करत गेला. जंतूंच्या तपासणीला दोन दिवस लागतात. मंगळवारच्या पाण्याची गुरुवारी पूर्ण झाली आणि तो माझ्याकडं आला. मी म्हणालो, मम इज द वर्ड. वाटलं, चारचौघांत सांगायचं नाही हे इंग्रजीतून सभ्य वाटेल. साडेचारला टाकीपाशी पुन्हा गाठ पडली, तेव्हा तो कार्ड नाचवत म्हणाला, ताई अर्थ सांगेल. अर्थ तुम्हाला कळला की सगळं कळणार होतं. मी कार्ड ओढलं. कठडा गुडघ्याएवढाच आहे. अर्धं माझ्या हातात आलं, आणि तो…” त्यांनी हात पुढं केला आणि बघत राहिले. “त्यानं हात वर केला होता. मी घड्याळ पाहिलं. चार अठ्ठेचाळीस झाले होते. मी पाहातच राहिलो.”

साहेबांनी तोंड फिरवलं.

“पान?” ताईनं विचारलं. मग स्वतःच म्हणाली, “जाऊ द्या. इन्स्पेक्टर, त्यांच्या केबिनमधलं घड्याळ उतरवा. गुरुवारी ते कुणीतरी उतरवून पुन्हा टांगलंय. त्यात सेल हलला, तेव्हापासून ते कललंय आणि मागं पडलंय. ह्यांनी ते लावलं नाही, कारण हात लावायची भीती वाटत होती.”

घड्याळामागं पान निघालं, चौघडी घातलेलं. ताई ते उलगडून बघायलाही थांबली नाही. तशीच फोनकडं धावली आणि एकेक ओळ डॉक्टरला वाचून दाखवली. पलीकडून डॉक्टर एवढंच म्हणाला, “बास, बाई. कळलं.” आणि फोन आपटला.

वाचायला उलगडताना पानाच्या घडीतून कार्डाचा खालचा तुकडा पडला होता. भावाचं गोल गोल अक्षर:

कुणाकडून: घड्याळराव.
अर्थ: रविवारी ताई सांगेल.
उपयोग:

इन्स्पेक्टरनं मुठीतला तुकडा पुढं केला. ताईनं दोन्ही तुकडे टेबलावर जुळवले. मग चष्मा काढला, आणि तीन दिवस अडवून धरलेलं पाणी सुटलं. भाची जवळ आली. तिनं टेबलावरची पेन्सिल आत्याच्या हातात दिली.

ताईनं अर्थाच्या पुढं लिहिलं: गुपित राखणे, तोंड मिटून राहणे.

पेन्सिल उपयोगाच्या ओळीवर आली. मग तिनं लिहिलं:

माझा भाऊ मम म्हणाला नाही.

दोन्ही भाषांत ते वाक्य खरं होतं.

तेरा मुलं आठवड्यात घरी आली. कोपऱ्यातली ती पोर उशिरा आली, पण आली. ती आता शाळेत जाते आणि न कळलेला शब्द दिसला की वर्ग बंद पाडते. ताई म्हणते, पाडू दे. रविवार असो नसो, ती विचारेल त्या घडीला सांगते. चहा उतू गेला तरी चालतो.

झालं. आता उठाल, घसा कोरडा पडला असेल, पाण्याचा पेला हातात घ्याल. माझं एवढंच मागणं आहे. पहिला घोट घेण्याआधी तो पेला उजेडात धरा, एक थेंब तरी नीट बघा, आणि थेंबमास्तरांची आठवण काढा.